रणगाड्याचे इंधन आणि रॉकेलची रांग

१९७३च्या ऑक्टोबरात अरब तेल-उत्पादक राष्ट्रांनी इस्रायलच्या पाठीराख्या देशांचा तेलपुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच तेलाची किंमत चौपट झाली. भारत काही इस्रायलचा पाठीराखा नव्हता. तरी त्या भाववाढीचा चटका त्याला बसलाच. तो प्रथम कोणाला बसला, हे आमच्या जुन्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. रिकामा डबा घेऊन रॉकेलच्या रांगेत तिष्ठणाऱ्या कष्टकरी स्त्रीला तो बसला. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली १९७२ पासूनच मुंबईच्या स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि त्यांच्या मागण्यांत धान्य व साखरेच्या जोडीला रॉकेलही होते. त्या रांगेत एकही रणगाडा उभा नव्हता. तेल दुर्मीळ होते तेव्हा सैन्याचा वाटा प्रथम बाजूला काढला जातो, उरलेले बाजारात जाते, आणि या वाटपाला ‘राष्ट्रीय सुरक्षितता’ असे नाव दिले की त्यावर प्रश्न विचारणेच संपते. तो प्रश्न आज पुन्हा विचारण्याची वेळ आली आहे.

तेल आणि तोफ यांची सोयरीक जुनी आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी चर्चिल यांनी ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर आणले आणि १९१४ साली ब्रिटिश सरकारने इराणमधील तेल कंपनीचे ५१ टक्के भाग विकत घेतले. तेव्हापासून इराणचे तेल हा इराणचा प्रश्न राहिलाच नाही. १९५१ साली मोसादेक यांनी ते राष्ट्रीय मालकीचे केले आणि १९५३ साली ब्रिटन व अमेरिकेच्या हेरखात्यांनी त्यांचे सरकार उलथून टाकले. १९८० साली अध्यक्ष कार्टर यांनी इराणच्या आखातावर ताबा मिळवू पाहणाऱ्या परकीय शक्तीला लष्करी बळाने परतवण्याची घोषणा केली. सैन्य चालवण्यासाठी तेल हवे आणि ते तेल राखण्यासाठी आणखी सैन्य हवे, असे हे दुष्टचक्र आहे.

या चक्राची भूक केवढी आहे? अमेरिकी सैन्याइतके तेल जगातील दुसरी कोणतीही एक संस्था जाळत नाही. २०१७ साली त्याने साडेआठ कोटी पिंपांहून अधिक इंधन वापरले व त्यापायी ८.२ अब्ज डॉलर मोजले. त्यांच्या अब्राम्स रणगाड्याला एक किलोमीटर जाण्यास चार लिटरांहून अधिक इंधन लागते. हे इंधन रणभूमीपर्यंत पोहोचवण्यातही माणसे मरतात. २००७ सालच्या आकड्यांवरून अमेरिकी लष्कराच्याच एका अभ्यासाने हिशोब मांडला, की अफगाणिस्तानात इंधन वाहणाऱ्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस ठार वा जखमी होतो. ज्या सैन्याला आपल्या इंधनाच्याच रक्षणासाठी माणसे गमवावी लागतात, ते कोणाची सुरक्षितता साधत असते?

तथापि दुसऱ्याकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले तेव्हा स्वावलंबनाच्या आशा पल्लवित झाल्या होत्या. आज ते साठे म्हातारे झाले आहेत. २०११-१२ मध्ये देशात ३ कोटी ८० लाख टन कच्चे तेल निघत होते. २०२३-२४ मध्ये ते ३ कोटी टनांच्याही खाली आले. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथील भूमिगत साठे पूर्ण भरले, तरी सरकारी हिशोबानेच ते साडेनऊ दिवस पुरतात.

हे परावलंबन कोठवर नेते, याचा धडा मुंबईनेच पाहिला आहे. इराकने कुवेत गिळल्यावर तेल महागले, परकीय चलनाची गंगाजळी आटली, आणि जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाकडे निघालेल्या अमेरिकी लष्करी विमानांना भारताच्या भूमीवर, मुंबईतही, इंधन भरू देण्यात आले. ही परवानगी देणारे पंतप्रधान चंद्रशेखर समाजवादी चळवळीतच घडलेले होते, हे आम्हांस लपवावयाचे नाही. लोकक्षोभामुळे ती सवलत महिन्याभरात थांबली. पण त्याच वर्षी जुलैत सुमारे ४७ टन सोने गहाण ठेवण्यासाठी देशाबाहेर गेले, तेही मुंबईहूनच. आमच्या माणसाच्या हातून जे घडले ते केवळ व्यक्तीचे स्खलन नव्हते. तेलासाठी हात पसरणाऱ्या देशाला तटस्थता परवडत नाही, हे त्यामागचे खरे कारण होते.

१९९१ साली ज्या गोष्टीने देश खवळला, ती २०१६ साली रीतसर करारात बसली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या कारकीर्दीत भारत व अमेरिका यांनी परस्परांच्या सैन्याला इंधन व रसद देण्याचे ठरवले. यात तळ देण्याची अट नाही, हे सरकारचे म्हणणे खरे आहे. पण त्यावर देशात उठलेला क्षीण आवाज चिंताजनक आहे.

आमच्यावर आक्षेप येईल, की समुद्रमार्ग राखावयाचे तर आरमार हवेच. २०१९ पासून आपली जहाजे ओमानच्या आखातात आपल्या तेलवाहू जहाजांना सोबत करीत आहेत. सियाचेनवर १९८४ पासून पहारा देणाऱ्या जवानाला रॉकेलवाचून पाणीसुद्धा मिळत नाही. त्याची शेगडी विझवा, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. अमेरिकेतील नव्या तेलविहिरींमुळे तुटवड्याची भाकिते लांबली, हेही मान्य. पण परक्या विहिरींनी आपले परावलंबन घटत नाही. जहाजे समुद्रात पहारा देतील. किंमत त्यांना रोखता येत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सैन्याच्या एकूण इंधनाचा आणि २०१६ च्या कराराखाली परकीय सैन्याला दिलेल्या इंधनाचा वार्षिक हिशोब संसदेपुढे यावा. आखातातील कोणत्याही संघर्षात भारताने कोणाच्याही युद्धाची टाकी भरू नये. तेथे राबणारे कोकणातील तरुणांसह लाखो भारतीय हे आपले सर्वांत मोठे हितसंबंध आहेत. टंचाई आली तर एस.टी., मच्छीमारांच्या होड्या आणि शेतीचे पंप यांचा वाटा कायद्याने आधी राखला जावा. आणि खाजगी मोटारींसाठी महामार्ग रुंद करण्यापेक्षा रेल्वे व एस.टी. सबळ करण्यावर पैसा खर्च व्हावा. पेट्रोलचे जे पिंप आपण आयातच करीत नाही, त्याच्या रक्षणासाठी जहाज पाठवावे लागत नाही.

कार्यकर्त्यांनी हा विषय संरक्षणतज्ज्ञांवर सोपवून मोकळे होऊ नये. आगारात, बंदरावर, बाजारसमितीत तो नेला पाहिजे. मुंबईच्या स्त्रियांनी लाटणी हाती घेतली तेव्हा त्यांनी कोणा तज्ज्ञाची परवानगी मागितली नव्हती.