अर्धपोकळ गिटार आणि घरचा नियम

या सदरातून आजवर मुदत ठेवी, नामनिर्देशन, मृत्युपत्र अशा विषयांवर आपल्याशी संवाद साधला. आजचा विषय पाहून काही ज्येष्ठ वाचकांच्या भुवया उंचावतील. कारण तो गिटारचा आहे, तीही विजेवर वाजणाऱ्या. तथापि गेल्या वर्षभरात बारामती आणि इंदापूरच्या तीन-चार परिचित कुटुंबांनी मला हाच प्रश्न विचारला. मुलाने किंवा मुलीने गिटारचा हट्ट धरला आहे, दुकानदार मोठमोठे आकडे सांगतो, काय करावे? पुढे हाच प्रश्न आमच्या घरात आला आणि त्याच्यासोबत माझा एक जुना निर्णयही उंबरठ्यावर येऊन उभा राहिला.

माझी नात नववीत आहे. तीन वर्षे ती साध्या लाकडी गिटारवर शिकते आणि महावीर जन्मकल्याणकाच्या सायंकाळी स्तवनांना साथ करते. तिला हवी होती ‘सेमी-हॉलो’, म्हणजे अर्धपोकळ इलेक्ट्रिक गिटार. “अर्धे काही असलेल्या वस्तूसाठी पूर्ण पैसे का मोजायचे?” असे मी विचारले. तिने दिलेले उत्तर मला समजले नाही. न समजलेल्या प्रस्तावावर सही करण्याची सवय नसल्यामुळे मी स्वतः त्या विषयाचा अभ्यास करावयास बसलो.

पोकळ वाद्य म्हणजे काय हे आपल्याला तंबोऱ्यावरून ठाऊक आहे. मिरजेच्या ज्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात. म्हणजे इंदापूर तालुक्याच्या कडेने वाहणारी आपली भीमा पुढे ज्या मुलखात जाते तेथे. भोपळा आतून रिकामा असतो, म्हणून तारेचा क्षीण नाद त्यात घुमतो आणि भरून येतो. साधी गिटारही याच तत्त्वावर चालते. अडचण उद्भवते ती नाद विजेने वाढवावयाचा म्हटला की. आपल्या कार्यक्रमांत माईक ध्वनिक्षेपकासमोर आला की कानठळ्या बसविणारी शिट्टी वाजते. कारण ध्वनिक्षेपकातून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, आणि हे चक्र थांबत नाही. पोकळ गिटारचे धड असेच ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने थरथरू लागते, त्याबरोबर तारा थरथरतात आणि शिट्टी सुरू होते. उलट भरीव फळीची गिटार केली तर शिट्टी सहसा होत नाही, पण नादातला ओलावाही कमी होतो.

यावरचा तोडगा अमेरिकेतील लेस पॉल या वादकाने १९४०च्या सुमारास शोधला. त्याने चार इंच जाडीच्या चौकोनी ओंडक्यावर तारा आणि चुंबकीय पिकअप बसविले. आवाज उत्तम आला, परंतु श्रोत्यांना ते ध्यान काही आवडले नाही. तेव्हा त्याने एक पोकळ गिटार उभी कापली आणि तिचे दोन भाग ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे जोडले. १९५८ साली गिब्सन कंपनीने ‘ईएस-३३५’ नावाची गिटार बाजारात आणली. तिच्या पोकळ धडाच्या मध्यभागी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मेपल लाकडाचा भरीव ठोकळा आहे आणि दोन्ही बाजूंस पोकळी आहे. अर्धपोकळ ती हीच. आजच्या बहुतेक स्वस्त अर्धपोकळ गिटारी तिचाच आराखडा गिरवितात. बी. बी. किंग हे थोर वादक याच घराण्यातील गिटार वाजवीत, आणि तरीही शिट्टी होऊ नये म्हणून तिच्या छिद्रांत टॉवेल कोंबीत असत. आपल्या सभागृहांतील ध्वनियोजना पाहता हा उपाय लक्षात ठेवावा.

यातून खरेदीदाराने घ्यावयाची पहिली खबरदारी अशी, की दोन्ही बाजूंस इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखी छिद्रे दिसली म्हणजे गिटार अर्धपोकळ असतेच असे नाही. सर्वस्वी पोकळ गिटारीही हुबेहूब तशाच दिसतात. एपिफोनची ‘कॅसिनो’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तिच्यात मधला ठोकळा नाही. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात ठोकळ्याचा उल्लेख पाहावा आणि मोबाईलच्या प्रकाशात छिद्रातून आत डोकावून खात्री करावी.

दुसरी गोष्ट प्लायवूडची. स्वस्त गिटार थरांच्या लाकडाची असते, असे सांगून दुकानदार आपल्याला वरच्या किमतीकडे नेऊ पाहतो. परंतु १९५८ची मूळ ३३५ही थर चिकटवून केलेल्या लाकडाचीच होती आणि आजही असते. या प्रकारात ते वैगुण्य नव्हे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात थरांचे लाकूड अखंड फळीपेक्षा कमी तडकते, हा उलट लाभच आहे.

आता घरच्या नियमाकडे येतो. खरेदीची चर्चा रंगात आली असता आमच्या सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, “यात हाड किंवा चामडे तर नाही ना?” आम्ही सारे गप्प झालो. चौकशी केली तेव्हा समजले की हा प्रश्न गिटारच्या बाबतीत अगदी योग्य आहे. दांडीच्या टोकाशी खाचांची एक छोटी पट्टी असते, तिला ‘नट’ म्हणतात. चांगल्या गिटारींत ती पुष्कळदा हाडाची असते. दांडीवरच्या शोभेच्या खुणा शिंपल्याच्या असू शकतात. जुन्या गिटारींची हुबेहूब प्रतिकृती म्हणून विकल्या जाणाऱ्या काही महागड्या गिटारींत जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरला आहे, हे तर जाहिरातीत अभिमानाने सांगितलेले असते. पट्टा चामड्याचा असतो तो वेगळाच.

येथे माझ्या हिशेबी मनाला मौज वाटली. स्वस्त गिटारीत नट प्लॅस्टिकचा किंवा कृत्रिम हाडाचा असतो, खुणा ॲक्रिलिकच्या असतात, गोंद आणि रंग रासायनिक असतात. जाणकार ज्या गोष्टींमुळे स्वस्त गिटारला नाक मुरडतात, नेमक्या त्याच आम्हाला हव्या होत्या! तरीही गृहीत काही धरू नये. एकाच कंपनीच्या वरच्या श्रेणीत शिंपला सापडतो, म्हणून प्रत्येक मॉडेलचे माहितीपत्रक वेगळे वाचावे. मनाला न पटणारी आणखी एक बाब सांगितली पाहिजे. आपल्या भक्तिसंध्येत तबला असतो, त्यावर कातडे असते. हार्मोनियमच्या आतही चामड्याचे तुकडे असतात. त्यांच्याविषयी आपण कधी विचारले नाही. नातीने हे बोलून दाखविले तेव्हा आजीजवळ उत्तर नव्हते आणि माझ्याजवळही नाही.

राहिला परिग्रहाचा प्रश्न. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाने चार कोटी निधीत, चार कोटी व्याज-व्यवहारात आणि चार कोटी घरसंसारात अशी आपल्या धनाची मर्यादा आखली होती. त्याने संसार सोडला नाही, परिमाण ठरविले. आम्हीही दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी कागदावर आकडा लिहिला. सर्व मिळून ५० हजार, आणि जुनी गिटार वर्गातील दुसऱ्या मुलाला द्यावयाची. गिब्सनची मूळ ३३५ लाखांच्या घरात जाते, त्यामुळे तिचा विचारच नव्हता. आमच्या मर्यादेच्या आसपास एपिफोन आणि आयबानेझची आर्टकोअर मालिका ही दोन नावे होती. एपिफोन १९५७पासून गिब्सनच्याच मालकीची आहे, आणि म्हणून ३३५ हे नाव तीही लावू शकते. त्या नावाचे थोडे अधिक पैसे पडतात.

नात, तिचे वडील आणि मी असे तिघे पहाटेच्या एसटीने पुण्यास गेलो. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण तेथील तरुण विक्रेत्याने पहिल्या पाच मिनिटांतच ‘नो कॉस्ट ईएमआय’चा कागद पुढे केला. वाचकहो, हे शब्द दिसले की थांबावे. शून्य टक्के व्याज अशी काही वस्तू अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३च्या परिपत्रकातच बँकांना बजावले आहे. होते असे की व्याजाइतकी सूट आधी दाखविली जाते आणि ते व्याज हप्त्यांतून वसूल होते. हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र आपल्याच खिशातून जातो, प्रक्रिया शुल्क असल्यास तेही. ३६ हजारांच्या गिटारला १५ टक्के दराने बारा हप्ते केले तर नुसता हा कर सुमारे ५०० रुपये होतो. शिवाय रोख खरेदीवरची सवलत हातची जाते. ती आम्हाला दीड हजार मिळाली.

विक्रेता नातीला गिटारचा चेरीसारखा लाल रंग दाखवीत होता. एवढ्यात माझ्या मुलाने ती गिटार हातात घेतली. त्याने दांडीच्या दोन्ही कडांवरून अंगठा खालीवर फिरविला, कारण कोरड्या हवेत लाकूड आकसले की पडद्यांची टोके बाहेर येऊन बोटांना टोचतात. मग दांडी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून ती सरळ आहे का ते पाहिले. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर छेडली, कोठे आवाज मरतो का ते ऐकले. आवाजाची बटणे फिरवून खरखर तपासली. हे शेवटचे विशेष महत्त्वाचे, असे तो नातीला म्हणाला. भरीव गिटारला मागे झाकण असते, अर्धपोकळ गिटारला बहुधा नसते, आणि तिच्या सगळ्या वायरी त्या एफच्या छिद्रातून दोऱ्याने ओढून काढाव्या लागतात. बारामतीत हे काम कोण करणार? म्हणून दुरुस्ती जेथे होते तेथूनच घ्यावी, घरपोच मागवू नये. दोन सारख्या गिटारींपैकी त्याने एक परत ठेवली. तिच्या खुंट्या सुरात टिकत नव्हत्या.

“हे तुला कोणी शिकविले?” मी विचारले.

“इंदापूरला असताना वाचायचो, पप्पा.”

सन २००० मध्ये मी इंदापूर शाखेत होतो. ऊस, डाळिंब, ठिबक, पाईपलाईन यांची कर्जे दिवसभर तपासावी, कोणते उत्पादक आणि कोणते अनुत्पादक हे ठरवावे, असे ते दिवस. मुलगा सोळा वर्षांचा होता. त्याने अडीच हजारांची गिटार मागितली आणि मी ‘अनुत्पादक खर्च’ असे दोन शब्द उच्चारून प्रकरण निकाली काढले. त्याने पुन्हा कधी विचारले नाही. त्या वर्षी मी याहून मोठ्या रकमेची अनेक कर्जे मंजूर केली, आणि ती सगळीच काही वसूल झाली नाहीत.

विक्रेत्याने त्याला “वाजवून पाहता का, सर?” असे विचारले. त्याने मान हलविली आणि गिटार मुलीच्या हाती दिली.

अखेरचा हिशेब असा: गिटार सवलतीनंतर ३४,५००, छोटा ॲम्प्लिफायर ७,०००, जाड पिशवी, ट्यूनर आणि जादा तारा मिळून ३,५००, आणि तारांची उंची व सूर बसवून घेण्याचे १,५००. एकूण ४६,५००. हे शेवटचे दीड हजार वाचवू नयेत. त्या कामाने स्वस्त गिटार बोटांखाली बदलते. विक्रेत्याने भेट म्हणून दिलेला चामडी पट्टा परत करून सुती घेतला. नवख्यांनी ॲम्प्लिफायरसाठी रक्कम आधीच बाजूला ठेवावी, अन्यथा सारे पैसे गिटारवर जातात आणि आवाज काढावयास काही उरत नाही.

वजन तेवढे आधी पाहून घ्यावे. मधल्या ठोकळ्यामुळे ही गिटार साध्या गिटारपेक्षा जड असते आणि धड रुंद असते. लहान चणीच्या मुलांसाठी आखूड धडाची मॉडेल्स मिळतात. ती खिडकीत आणि कूलरच्या झोतात ठेवू नये.

एक सोय मात्र कोणत्याच माहितीपत्रकात वाचावयास मिळाली नाही. ही गिटार विजेला न जोडताही थोडी वाजते; वाजविणाऱ्याला पुरते, शेजारच्या खोलीत जेमतेम पोहोचते. त्यामुळे सकाळी सौभाग्यवती सामायिकास बसतात तेव्हा सरावात खंड पडत नाही. गेल्या सुट्टीच्या दिवशी त्या अशाच बसल्या होत्या, नात शिकवणीस गेली होती आणि आतल्या खोलीतून तारांचा मंद, अडखळता आवाज येत होता. ती ४८ मिनिटे मी वर्तमानपत्राचे पान उलटले नाही.