मोबाइल पोहोचला, मास्तर कुठे आहे?

पालकांनो, शिक्षकांनो, ग्रामपंचायतीच्या सदस्यांनो,

मार्च 2020 मध्ये शाळांना कुलूप लागले. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांचे कुलूप निघायला डिसेंबर 2021 उजाडला. मधल्या काळात आपल्याला सांगितले गेले की शाळा बंद असली तरी शिक्षण सुरू आहे. दीक्षा ॲप होते, व्हॉट्सॲपवर अभ्यास येत होता, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागत होती. त्यासाठी राबलेल्या शिक्षकांबद्दल आम्हाला आदर आहे. पण शिक्षण सुरू राहिले ते ज्यांच्या घरी आधीच सगळे होते त्यांचे. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात शंभरांतल्या पाच घरांतही संगणक नव्हता. पुढे स्मार्टफोन झपाट्याने वाढले, हे खरे. 2021 च्या 'असर' पाहणीत दोन तृतीयांश मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण त्यांतल्याही चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. घरचा फोन म्हणजे आधी बापाचा, मग मोठ्या भावाचा. मुलीचा नंबर शेवटी लागतो.

त्यानंतर टॅब वाटले गेले, वर्गात स्मार्ट टीव्ही बसले. यंत्र दिले की आपली जबाबदारी संपली, हा समज आता मोडायला हवा.

बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन निघतात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरे एकतर गावात आजीजवळ राहतात, नाहीतर आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. गावात राहिलेल्या मुलीचा फोन आईबापाबरोबर फडात गेलेला असतो. कोपीवर गेलेल्या मुलीकडे फोन असतो, पण चार्ज करायला वीज नसते आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला तीच असते. तिच्यासमोर रात्री अपूर्णांकांच्या बेरजेचा व्हिडिओ लागला आहे असे समजा. दोन तृतीयांश अधिक तीन सप्तमांश. व्हिडिओतले सर सांगतात, छेद समान करून घ्या. मुलगी तिथेच अडते, व्हिडिओ पुढे निघून जातो. ती मागे नेते, तेच वाक्य पुन्हा ऐकते, पुन्हा अडते. अपूर्णांक तिच्या डोक्याबाहेरचे नाहीत. तिचा सातचा पाढा कच्चा आहे. शेजारी बसलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळले असते. ॲपला कळते ते इतकेच की व्हिडिओ दोनदा पाहिला गेला, आणि सरकारी अहवालात तिची नोंद लाभार्थी म्हणून होते.

ही अडचण फक्त लहान मुलांची नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचा काही वर्षांचा हिशेब 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. 2017-18 मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी शंभरांत जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला होता. शिकवणारे जगातले नामवंत, फी शून्य, तरीही. मग दिवसभर निंदणी-खुरपणी करून सतरा नंबरच्या फॉर्मवर दहावीला बसणाऱ्या बाईने एकटीने सगळे निभावावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तिचा अभ्यास तर लांबच, फॉर्मच अडतो. ओटीपी जातो जुन्या नंबरवर, आणि तो नंबर रिचार्जअभावी कधीच बंद पडलेला असतो. शिष्यवृत्तीच्या अर्जातही हेच.

तरीही ऑनलाइन शिक्षण कुचकामी आहे, असे म्हणणाऱ्यांशी आमचे पटत नाही. अकरावी विज्ञानाचे कॉलेज तीस किलोमीटरवर असलेल्या मुलीला, एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्या कामगाराला, लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या सुनेला दुसरी वाट नाही. ती वाट चालती ठेवायची कशी, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभे राहिले तेव्हा पुस्तके टपालाने पाठवून ते थांबले नाही. त्याने अभ्यासकेंद्रे काढली, कारण शिकणाऱ्याला विचारायला कोणीतरी लागते. त्याच्याही आधी कर्मवीर भाऊरावांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. गरिबाच्या पोराला आधी निवारा, जेवण आणि अभ्यासाला बसायची जागा लागते, हे त्यांनी ओळखले होते. आणि 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे रोखठोक मांडले होते की सरकारी महसूल कष्टकरी रयतेकडून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. आज ॲप, पोर्टल आणि टॅबवर होणारा खर्च याच निकषावर तपासा.

आमचे मागणे साधे आहे. गावात रोज संध्याकाळी दोन तास उघडी राहणारी एक खोली द्या. ती शाळेत असेल, सार्वजनिक वाचनालयात असेल, नाहीतर समाजमंदिरात. तिथे वीज, इंटरनेट आणि चार-सहा उपकरणे असावीत, आणि ती कोणाच्या घरी जाऊ नयेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिथे गावातलीच एखादी शिकलेली मुलगी किंवा मुलगा दरमहा मानधनावर बसावा. त्याने पाढे घ्यावेत, शंका ऐकाव्यात, फॉर्म भरून द्यावेत आणि चार दिवस न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन यावे. मानधन वेळेवर द्या. सेवाभावाच्या नावाखाली फुकट राबवू नका. धडे मराठीत, छोटे आणि उतरवून घेता येतील असे करा, म्हणजे नेटवर्क गेले तरी अडणार नाही. साखर कारखान्याच्या तळावरही हंगामभर हीच सोय हवी, आणि तिथे शिकलेले गावच्या शाळेत धरले गेले पाहिजे. मात्र या केंद्राचे निमित्त पुढे करून कमी पटाची शाळा बंद करायचा घाट कोणी घातला, तर त्याला आमचा ठाम विरोध राहील.

पैसा नाही हे उत्तर आम्हाला मान्य नाही. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचे असतात. ते यंदा कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारा. बाकीचा भार जिल्हा परिषदेने आणि राज्य सरकारने उचलला पाहिजे.

येत्या ग्रामसभेला घरटी एक माणूस या, बायकांनी तर आवर्जून या. "आमच्या गावात मानधनावरील मार्गदर्शकासह संध्याकाळचे अभ्यासकेंद्र सुरू करावे," असा ठराव मांडा. तो इतिवृत्तात लिहून घ्या, सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्या.