काजळ, तेल आणि कोळशाचा गाळ



ठाकुर्लीचे चोळा पॉवर हाऊस आपल्यातल्या जुन्या मंडळींनी धुरासकट पाहिले आहे. रेल्वेचे ते वीजघर दगडी कोळशावर चाले. ते बंद होऊन बराच काळ लोटला. तेव्हा कल्याण-डोंबिवलीच्या चाळींतही शेगड्या होत्या आणि वखारीतून कोळशाबरोबर भुकटी घरी यायची. ती फेकण्याची ऐपत कुणाची होती? आयाबाया तिच्यात माती-शेण कालवून गोळे वळीत आणि उन्हात वाळवीत. गोळा जळायचा छान, पण राखही ढीगभर पडायची. माती आपणच घातलेली ना!

याच भुकटीची खाणीकडची गोष्ट आज सांगायची आहे. खाणीतल्या कोळशात दगडमाती मिसळलेली असते, आपल्या देशातल्या कोळशात तर फारच. म्हणून तो वॉशरीत पाण्याने धुतात. मोठे तुकडे सहज निवडले जातात. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक चुरा मात्र मातीबरोबर काळ्या पाण्यात जातो आणि तळ्यात गाळ होऊन साचतो. तळे भरून वाहिले की तो गाळ ओढ्यात नि शेतात. झरियाकडच्या वॉशऱ्यांचा गाळ वर्षानुवर्षे दामोदर नदीत गेला. आपल्या चंद्रपूर-वणी भागातही वॉशऱ्या आहेत. तिकडे आपल्यापैकी अनेकांचे सोयरे आहेत, त्यांना विचारून पाहा.

मग हा चुरा मातीतून सोडवायचा कसा? उत्तर आपल्या आजीच्या काजळाच्या डबीत आहे. दिव्यावर धरलेली काजळी पाण्यात नीट मिसळत नाही, पण तूप किंवा एरंडेल घातले की लगेच एकजीव होते. कोळशाच्या कणाचा स्वभाव तोच. त्याला तेल जवळचे, पाणी परके. मातीचे नेमके उलट. गाळाच्या पाण्यात तेल घालून जोरात घुसळले की तेल कोळशाच्या कणांवर चढते, कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या गोळ्या होतात. ताकातून लोणी यावे तशा. चाळणीवर गोळ्या राहतात, माती पाण्याबरोबर खाली जाते. आईने माती घालून गोळा केला, इथे माती काढून गोळा होतो, एवढाच फरक.

अमेरिकेत ट्रेंट नावाच्या माणसाने १९२० च्या सुमारास ही रीत पुढे आणली. धनबादच्या केंद्रीय इंधन संशोधन संस्थेतही तिच्यावर काम झाले. (ही संस्था २००७ साली खाण संशोधन संस्थेशी जोडली गेली.) आपल्या देशात करंजाचे तेल वापरूनही प्रयोग झाले आहेत.

मग सगळीकडे हे का नाही? इथे आमच्यासारख्या कारकुनाचा हिशेब कामाला येतो. टनभर चुऱ्याला दहा टक्के तेल धरले तर झाले १०० किलो. डिझेल असेल तर जवळजवळ १२० लिटर. लिटरला ९० रुपये धरा, १०,८०० रुपये झाले! तेल कोळशाबरोबर जळते, त्याची उष्णता मिळते हे खरे, पण किंमत वसूल होत नाही. म्हणून वॉशऱ्या फेसाची रीत वापरतात. तीत टनाला किलो-दीड किलो तेल, थोडे फेस आणणारे रसायन आणि खालून हवा. कोळसा फेसाबरोबर वर येतो. गॅरेजचे काळे तेल फुकटात वापरा, असेही कुणी सुचवतात. त्यात धातूंचे अंश असतात, ते जाळले की धूर शेवटी वस्तीवरच येणार.

आणखी एक हिशेब कुठल्याच वहीत नसतो. दामोदरच्या काठची गरीब माणसे, त्यात बायाच पुष्कळ, नदीतला हा चुरा उपसून, वाळवून विकतात. कारखान्याने कणन् कण परत घेतला तर नदी स्वच्छ होईल, ते व्हायलाच हवे. पण त्या बायांनी काय करायचे? २०२१ साली कल्याणचे आधारवाडी डम्पिंग बंद झाले. दुर्गंधी कमी झाल्याचा आनंद आम्हालाही आहे. पण तिथे कचरा वेचून पोट भरणाऱ्या बायांना पुढचे काम कोणते, हा प्रश्न डम्पिंग बंद करण्याआधी विचारायचा असतो. वॉशरीच्या तळ्याकाठीही तो आधीच विचारला पाहिजे, आणि गाळ उपसणाऱ्या बायांना समोर बसवून.