प्रौढ विद्यार्थी आणि मंडळाचा निधी

संसारामुळे, नोकरीमुळे अथवा देशांतरामुळे खंडित झालेले विद्यापीठीय शिक्षण ज्या सभासदांनी पुन्हा हाती घेतले आहे, त्यांच्या शुल्कासाठी गुणगौरव निधीचा पाचवा हिस्सा राखून ठेवावा, असा ठराव कार्यकारिणीने मंजूर केल्यापासून इंग्लंडातील आपल्या मंडळाच्या दप्तरी जी पत्रे दाखल झाली, त्यांतील बहुतेकांचा सूर नापसंतीचा आहे, हे लपवण्याचे काही प्रयोजन नाही. निधी मुलांसाठी जमवला असून पन्नाशीच्या माणसाने आपली हौस स्वखर्चाने भागवावी, ही त्यांतील मुख्य हरकत. आणि कार्यकारिणीत नागपूर-अमरावतीकडील मंडळींचे प्राबल्य असल्यामुळे डॉ. श्रीकांत जिचकारांवरील व्याख्यान योजून त्याच्या आधारे हा ठराव पुढे रेटण्यात आला, ही दुसरी आणि अधिक नाजूक तक्रार.

दुसरीचा खुलासा आधी करतो. व्याख्यानाचा विषय सुचवणारे सभासद नागपूरचे होते हे खरे, परंतु ज्याचे चरित्र सांगायचे तो पुरुषच नागपूर विद्यापीठाचा असता सुचवणारे अन्य कोठून यावेत? काटोल तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरी १९५४ साली जन्मलेल्या, वैद्यकाची पदवी घेतलेल्या या गृहस्थांनी १९७३ ते १९९० या काळात ४२ विद्यापीठीय परीक्षा दिल्या, उन्हाळी परीक्षा आटोपली की हिवाळीची तयारी मांडली, आणि विधी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, संस्कृत अशा विषयांत मिळून २० पदव्या संपादन केल्या. १९८० साली ते विधानसभेवर निवडून आले, पुढे मंत्री झाले, तरीही परीक्षार्थी म्हणून बाकावर बसण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. २००४ च्या जून महिन्यात नागपूरनजीक मोटार अपघातात ते गेले, तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठलेली नव्हती. असे चरित्र ऐकण्यासाठी सभागृह घेतले, वक्ते दुरून आले, आणि निम्म्याहून अधिक आसने रिकामी राहिली. ज्या सभासदांना विषय एकांगी वाटला त्यांनी येऊन तसे सांगितले असते तर चर्चा तेथेच झाली असती. न येता पत्रे धाडण्याची जी प्रथा आपल्यात रूढ होत चालली आहे, ती मंडळाला हितावह नाही.

तथापि ठरावाचा आधार जिचकार नव्हेत, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. ते अपवादभूत होते, आणि अपवादाकडे पाहून सामान्य माणूस अनेकदा नमस्कार करून घरी जातो. कार्यकारिणीच्या मनात होते ते निराळे उदाहरण, आणि त्याचा एक धागा नागपुरातून जात असला तरी ते कोणत्याही एका प्रांताचे नाही.

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून मायदेशी परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत यावे, एवढी सवलत त्यांना मिळाली होती. १९१८ पासून त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून पै-पैसा बाजूस टाकला. १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, तीत ते अग्रभागी होते, आणि लागलीच जुलै महिन्यात ते पुन्हा लंडनला निघाले. तेव्हा त्यांचे वय २९ होते, घरी रमाबाई होत्या, पदरी संसार होता. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज, या तिहींच्या बळावर १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२२ साली बॅरिस्टरी झाली. परीक्षकांनी फेरफारासाठी परत पाठवलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध मुंबईत बसून सुधारल्यावर १९२३ साली डी.एस्सी. पदरात पडली. ज्ञानाची एवढी तळमळ असलेल्या पुरुषाचाही अभ्यास द्रव्याभावी तीन वर्षे थांबला आणि दुसऱ्यांनी हात दिल्यावर तडीस गेला, ही गोष्ट 'हौस स्वखर्चाने भागवावी' असे लिहिणाऱ्या आमच्या मित्रांनी ध्यानी घ्यावी.

आता निधीविषयी. मुलाला गणेशोत्सवात दिलेल्या बक्षिसाने त्याचे शिक्षण चालत नाही. ते आईबापांच्या मिळकतीवर आणि येथील सरकारच्या कर्जावर चालते. बक्षीस हे कौतुक आहे आणि ते व्हावेच. उरलेले चार हिस्से त्यासाठीच आहेत. परंतु नागपूरहून बी.ए. अथवा बी.एस्सी. होऊन, लग्नानंतर इंग्लंडात येऊन, वीस वर्षे घर सांभाळलेल्या भगिनीची अडचण निराळी आहे. तिची पदवी येथील नोकरीच्या बाजारात अनेकदा जमेस धरली जात नाही, आणि ती नव्याने पदवी घेऊ म्हणेल तर, पूर्वी त्याच दर्जाची पदवी असल्याच्या कारणास्तव, काही अभ्यासक्रम वगळता शिक्षणशुल्काचे सरकारी कर्ज तिला सामान्यतः मिळत नाही. नोकरीसाठी जी पदवी अपुरी तीच कर्जासाठी पुरेशी, असा हा विलक्षण न्याय आहे. मंडळाचे हात पोचतील अशी याहून योग्य जागा कोणती, हे विरोधकांनी खरोखर सुचवावे. आम्ही तिचाही विचार करू.

कार्यकारिणीतील एकाही सदस्याचा अथवा त्याच्या कुटुंबीयाचा अर्ज या निधीसाठी स्वीकारला जाणार नाही, हेही येथेच जाहीर करतो. शंकेला जागा नको.

ज्यांना अर्ज करावयाचा आहे त्यांनी कागदपत्रांची जुळवाजुळव आजच सुरू करावी, कारण अनुभव असा की विलंब तेथेच होतो. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, पारपत्रावर सासरचे, आणि लग्नात नावच बदललेले असल्यास तिसरेच, अशा प्रकरणी विवाह नोंदणीचा दाखला अथवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नामबदलाची प्रसिद्धी जोडावी लागते. परीक्षा उत्तीर्ण होऊन पदवी प्रमाणपत्र आणावयाचे राहून गेलेले सभासद थोडे नाहीत. त्यांनी विद्यापीठाकडे रीतसर अर्ज करावा. नागपूरला जाणाऱ्या सभासदांनी इतरांचे अधिकारपत्र सोबत नेण्याची तयारी दाखवली तर मोठे काम होईल. येथील ओपन युनिव्हर्सिटीत, जिला १९६९ साली सनद मिळाली, बहुतेक पदवी अभ्यासक्रमांना पूर्वपरीक्षेची अट नाही. सबब ज्यांचे शिक्षण मॅट्रिकलाच थांबले त्यांनीही संकोच करू नये. परीक्षेच्या हंगामात शनिवारी दुपारी विद्यार्थी सभासदांची मुले सांभाळण्यासाठी स्वयंसेवक हवे आहेत. मंडळाची लहान खोली त्यासाठी मोकळी ठेवली आहे. वर्गणी थकलेल्या सभासदांनी ती भरावी, म्हणजे निधीच्या वाटणीवरून वाद करण्याइतका निधी तरी राहील.

ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे अंतिम मंजुरीसाठी येणार आहे. जे अनुकूल आहेत त्यांनी यावे, आणि जे प्रतिकूल आहेत त्यांनी अवश्य यावे. मत मोजले जाईल ते उपस्थितांचेच.