ज्याचे जहाज, त्याचा खर्च : एक मागणीपत्र

प्रति,
मा. नौवहन महासंचालक, मुंबई
मा. अध्यक्ष, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड
मा. जिल्हाधिकारी, पालघर

विषय : नोकरीसाठी लागणाऱ्या प्रशिक्षणाचा खर्च उमेदवारांवर टाकणे बंद करण्याबाबत

महोदय,

सातपाटी, मुरबे, वडराई, शिरगाव, दांडी, नवापूर, आलेवाडी, नांदगाव या गावांतून व्यापारी जहाजांवर गेलेले खलाशी, जायच्या तयारीतली मुले आणि त्यासाठी घरातले सोने गहाण ठेवलेले आईबाप, अशी आमची संघटना आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : माणूस शिकून शहाणा व्हावा याचा खर्च घराने आणि सरकारने करावा. मालकाच्या जहाजावर मालकाला हवे तसे काम जमावे म्हणून जे शिकवतात, त्याचा खर्च मालकाने करावा. आज दोन्ही खर्च घरच करते.

आमच्या बंदरात होडीवर चढणाऱ्या नव्या पोराकडून कुठल्या नाखव्याने शिकवणीची फी घेतल्याचे ऐकिवात नाही. पहिल्या हंगामात तो उलट्या करतो, जाळे ओढताना अडखळतो, बर्फात मासळी वाकडीतिकडी लावतो आणि तांडेलाच्या शिव्या खातो. तरी हिशेबाच्या दिवशी त्याच्या हातावर काहीतरी पडते. जाणत्या खलाशाइतके नसेल, पण पडते. तांडेल काही धर्मादाय करत नाही. पुढच्या हंगामात तोच पोर त्याला हवा असतो, म्हणून तो शिकवतो.

ही रीत मोडायची वेळ आली ती मासळीमुळे. ज्या पापलेटावर सातपाटीचे नाव झाले, त्याला २०२३ मध्ये राज्य माशाचा मान मिळाला. पण जाळ्यात तो पूर्वीसारखा येत नाही, आणि जो येतो तो लहान. म्हणून मुले व्यापारी जहाजांकडे वळली. तिथे दारातच पावतीपुस्तक आहे.

अशा एका मुलाची फाइल उघडून पाहावी. सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा (साध्या खलाशाचा) निवासी अभ्यासक्रम, त्याची लाखांच्या घरातली फी, शेवटची परीक्षा, इंडोस हा खलाशाचा नोंदणी क्रमांक, सीडीसी म्हणजे खलाशाचे सेवापुस्तक, वैद्यकीय तपासणी, आणि सुरक्षेच्या मूलभूत अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे : आग विझवणे, प्रथमोपचार, जीव वाचवण्याचे तंत्र वगैरे. या शेवटच्यात लाइफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायची आणि उलटा पडलेला तराफा सुलटा करायचा असतो. खाडीत पोहायला शिकलेला सातपाटीचा पोर तलावात उडी मारण्याचे पैसे भरतो, याचे गावात हसू होते. प्रशिक्षण निरर्थक आहे असे आम्ही म्हणत नाही. समुद्रात त्यानेच जीव वाचतो. पण जहाजावर पाय ठेवण्याआधी ते सक्तीचे आहे आणि जहाज दुसऱ्याचे आहे. यातले आग आणि जीव वाचवण्याचे शिक्षण दर पाच वर्षांनी ताजे करावे लागते. तेव्हा तो नोकरीत असतो, तरी बहुतेक वेळा पैसे त्याचेच, सुट्टीही त्याचीच.

आता आमच्याच पालघर तालुक्यात बाकीचे मालक काय करतात ते पाहावे. तारापूरच्या अणुवीज केंद्रात, जिथे पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून आहेत, न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशन निवडलेल्या तंत्रज्ञांना विद्यावेतन देऊन शिकवते आणि त्याबदल्यात काही वर्षे नोकरी करण्याचा बाँड लिहून घेते. बोईसरच्या एमआयडीसीत आयटीआय झालेला मुलगा शिकाऊ उमेदवार म्हणून गेला, तर १९६१ च्या कायद्याने कारखान्याने त्याला विद्यावेतन द्यायचे असते. पालघर स्थानकातून गाडी नेणारा लोको पायलट रेल्वेच्या खर्चाने शिकतो. अणुभट्टी, रसायनाची टाकी आणि राजधानी एक्स्प्रेस चालवायला शिकवणे मालकाला परवडते; जहाजाचा दोर धरायला शिकवणे मात्र परवडत नाही.

विमानाचे प्रकरण आणखी टोकाचे. आमच्यातल्या दोन-चार घरांतली मुले त्या वाटेला लागली आहेत, म्हणून ते इथे मांडतो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते; त्याचा खर्च मध्यमवर्गीय घराचे घर विकायला लावतो. एवढ्यावर भागत नाही. कंपनीच्या ताफ्यात एअरबस ३२० असेल तर त्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण, बोईंग ७३७ असेल तर त्याचे वेगळे, आणि त्याचीही लाखो रुपयांची फी बहुधा उमेदवारच भरतो. कंपनी ताफा निवडणार, आणि त्या ताफ्याचे शिक्षण उमेदवाराने विकत घ्यायचे. ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये उमेदवारांचे संपूर्ण वैमानिक प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने करण्याची योजना सुरू केली. म्हणजे हे अशक्य नाही. आपल्याकडे राज्य सरकारच्या महाज्योती या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत मागासवर्गीय मुलांना वैमानिक करण्याची योजना आणली, तिचे स्वागत आहे. मात्र सरकारने फी भरली म्हणून कंपनी सुटते, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

मालकांचा पहिला आक्षेप असा की हे प्रमाणपत्र कुठल्याही कंपनीत चालते, मग फायदा ज्याचा त्याने पैसे द्यावेत. ऐकायला बरोबर वाटते. पण नुसत्या प्रमाणपत्राने टेहळणीच्या कामाची पात्रता येत नाही. त्यासाठी जहाजावर काढलेला काळ लागतो, आणि तो फक्त कंपनी देते. अभ्यासक्रम पास होऊन जहाज न मिळालेली मुले आमच्या गावांत आहेत. काहींनी तोवर बोईसरला कंत्राटी काम धरले आहे. त्यांच्याजवळ आहे ते अर्धे प्रमाणपत्र. उरलेले अर्धे मालकाच्या हातात, आणि पूर्ण किंमत मात्र वसूल झालेली. याच फटीत दलाल शिरतात. आमच्यातल्या एका मुलाला ‘जॉइनिंग’च्या नावाखाली पैसे घेऊन विमानतळापर्यंत नेले आणि तिथून परत पाठवले. घरच्यांनी तक्रार केली नाही, कारण पैसे व्याजाने काढलेले होते आणि गावात बभ्रा नको होता.

दुसरा आक्षेप पळून जाण्याचा : आम्ही शिकवायचे आणि त्याने दुसरीकडे जायचे. त्याला उपाय आहेत. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ठरावीक रकमेचा नोकरीचा बाँड वैध मानला. वैमानिकांच्या बाबतीत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) २०१७ मध्येच कॅप्टनला एक वर्ष आणि सहवैमानिकाला सहा महिने नोटिशीचे बंधन घातले. एवढी बेडी हातात असताना चावीचे पैसेही नोकरानेच का द्यावेत? वाजवी बाँडला आमची ना नाही.

तिसरी गोष्ट आम्ही जास्त गांभीर्याने मांडतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात २६१ माणसे असलेला पी-३०५ बार्ज बुडाला, आणि गाल कन्स्ट्रक्टर हा दुसरा बार्ज वाहत येऊन आमच्या वडराईजवळ किनाऱ्याला लागला. त्यावरची १३७ माणसे हेलिकॉप्टरने काढताना आमच्या लोकांनी पाहिली आहेत. त्या दिवशी कुणाची चूक होती हे ठरवणे आमचे काम नाही. पण डोक्यावर कर्ज असलेला पोर वादळाच्या आदल्या दिवशी ‘मी उतरतो’ असे म्हणणार नाही, झोप झाली नसेल तर ते सांगणार नाही, दोर झिजलेला दिसला तरी गप्प बसेल, एवढे आम्ही घरात बसून सांगू शकतो. विमानाच्या कॉकपिटमध्ये त्याच कर्जाच्या मागे शे-दीडशे प्रवासी बसलेले असतात.

कायद्यात आमच्या मागणीचे बीज आहेच. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शननुसार खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेता येत नाहीत. वैद्यकीय प्रमाणपत्र, सेवापुस्तक आणि पासपोर्ट एवढाच खर्च त्याचा. व्हिसाचासुद्धा जहाजमालकाचा. पण प्रशिक्षणाबद्दल हा नियम गप्प आहे, आणि सगळी वसुली त्या गप्पपणातून होते. २००४ साली आलेल्या टनेज कराच्या सवलतीत कंपनीने शिकाऊ अधिकारी घेण्याची अट आहे. म्हणजे सवलत घेणाऱ्याने माणूस घडवावा हे तत्त्व सरकारने वीस वर्षांपूर्वीच मान्य केले. अधिकाऱ्यासाठी जे मान्य झाले, ते खलाशासाठीही व्हावे.

आणि वाढवण. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्या बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६,००० कोटी रुपये, मालकी जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाची ७४ टक्के आणि मेरिटाइम बोर्डाची २६ टक्के. बंदराविषयी आमच्या गावांची भूमिका जाहीर आहे, तीत या पत्राने काना-मात्रेचाही फरक पडत नाही. प्रशिक्षणाची मागणी म्हणजे बंदराला संमती, असे कुणी कुठल्या अहवालात लिहू नये. मात्र भूमिपुत्रांना रोजगार देऊ असे जे व्यासपीठावरून सांगितले जाते, त्याचा पहिला खर्च भूमिपुत्रानेच करायचा काय, हे विचारण्याचा आम्हाला हक्क आहे.

म्हणून आमच्या मागण्या :

१. खलाशी भरतीचा परवाना असलेल्या प्रत्येक कंपनीने आपल्या जहाजांवरील माणसांच्या प्रमाणात शिकाऊ खलाशी घ्यावेत आणि त्यांच्या अभ्यासक्रमाची फी कंपनीने भरावी. ज्यांनी आधीच भरली आहे, त्यांना ती पहिल्या दोन करारांत परत मिळावी. टनेज कराच्या अटीत शिकाऊ खलाशी अधिकाऱ्यांपेक्षा वेगळे मोजावेत, नाहीतर कंपन्या एकाच आकड्यात दोन्ही बसवतील.

२. पाच वर्षांनी करायच्या उजळणीचा खर्च कंपनीचा, आणि ते दिवस पगारी.

३. बाँडची रक्कम प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त नसावी आणि दर महिन्याच्या नोकरीबरोबर ती घटत जावी. सीडीसी, पासपोर्ट किंवा मूळ प्रमाणपत्रे कुणीही ठेवून घेऊ नयेत.

४. प्रत्येक प्रशिक्षण संस्थेने गेल्या तीन तुकड्यांतील किती मुले प्रत्यक्ष जहाजावर चढली, हा आकडा प्रवेशाच्या अर्जावरच छापावा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची जाहिरात करून तो न छापणाऱ्या संस्थेची मान्यता थांबवावी.

५. वाढवण वा मुरब्यासह किनाऱ्यावरील कुठल्याही प्रस्तावित बंदरासाठी स्थानिकांना जे प्रशिक्षण द्यायचे असेल, ते विद्यावेतनासह असावे आणि नेमणुकीचे पत्र आधी हातात द्यावे.

६. विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च विमान कंपनीने करावा, ही शिफारस जिल्हाधिकाऱ्यांनी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे पाठवावी. हा विषय आपल्या अखत्यारीत नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

यावर संयुक्त बैठक १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात, आणि सातपाटीतच, लावावी. बाकीच्या महिन्यांत आमच्यातले निम्मे पालक समुद्रात असतात. पालघरच्या कार्यालयात बैठक ठेवली तर येतील ते फक्त आम्ही पदाधिकारी, आणि आमची भाषणे आपण आधीच ऐकली आहेत.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
सातपाटी, जि. पालघर