चांदीयुक्त सूक्ष्मतंतू : स्थान जखमेवर, शेतात नव्हे

‘नॅनो’ हा शब्द आता खेड्यापाड्यांतही परिचित झाला आहे. २०२१ मध्ये द्रवरूप नॅनो युरियाचा खत नियंत्रण आदेशात समावेश झाल्यापासून तो खतांच्या दुकानांतून ऐकू येतो. तथापि ज्या मालावर हा शब्द छापलेला आहे तो सर्व एकाच जातीचा, असे मानणे भ्रामक होय. नॅनो युरिया पिकाचे अन्न म्हणून विकला जातो. नॅनो चांदी हे जंतूंचे विष आहे. अन्नाला लावावयाचा न्याय विषाला लावता येत नाही.

चांदीयुक्त सूक्ष्मतंतू निर्माण करण्याची रीत समजण्यास कठीण नाही. चरख्यावर पेळूतून सूत निघते ते हाताच्या ओढीने. येथे ती ओढ विजेची असते. पॉलिव्हिनिल अल्कोहोलासारखे पॉलिमर पाण्यात विरघळवून त्यात थोडे सिल्व्हर नायट्रेट मिसळतात. हे दाट द्रावण सुईतून अगदी सावकाश सोडतात. सुई आणि १० ते २० सेंटिमीटर अंतरावरील धातूचा पत्रा यांमध्ये सामान्यतः १० ते ३० हजार व्होल्टचा दाब असतो. त्यामुळे सुईच्या टोकावरील थेंब शंकूसारखा ताणला जाऊन त्यातून बारीक धार सुटते, वाटेतच सुकते, आणि पत्र्यावर तंतूंची जाळी साचते. मागाहून उष्णता किंवा अतिनील किरण दिले म्हणजे नायट्रेटापासून चांदीचे कण तयार होतात. या कताईसंबंधी आंतोन फॉर्महाल्स यांना १९३४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले होते. थेंबाच्या शंकूचे गणित जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये मांडले. हे काम प्रयोगशाळेचे आहे. घरी करून पाहण्याचे नव्हे.

असा तंतू पुष्कळदा काही शे नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असतो. कण जितका लहान तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग अधिक. म्हणून थोड्या चांदीतूनही ओलाव्यात पुरेसे आयन सुटतात व जंतूंच्या प्रथिनांना चिकटून त्यांचे कार्य बंद पाडतात. जखमेवरील पट्टीस हा गुण उपकारक आहे. परंतु या तंतूंचे खरे मोल चांदीत नसून चांदी जागच्या जागी धरून ठेवण्यात आहे. विष जेथे हवे तेथेच राहिले, तरच ते औषध ठरते.

यास्तव अशी पट्टी पशुवैद्याच्या सल्ल्यानेच वापरावी. जुवाने सोललेल्या बैलाच्या खांद्यास प्रथम स्वच्छता व विश्रांती हवी. चांदी त्यांची जागा घेऊ शकत नाही. शिवाय जंतूही चांदीला सरावतात. १९७५ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागात चांदीला न जुमानणारे साल्मोनेला जंतू आढळल्याची नोंद आहे.

जमिनीची गोष्ट निराळी. शेतकरी बियाण्यास रायझोबियम चोळतो, तो जंतू जगावेत म्हणून. चांदी मित्र व शत्रू यांत भेद करीत नाही. अमोनियाचे नायट्रेट करणारे जंतूही तिच्यापुढे दुबळे ठरतात. इतक्या अल्प चांदीने काय होणार, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सांडपाण्याच्या गाळातून दर किलो मातीस एक मिलिग्रॅमहूनही कमी चांदी गेली असता, मातीतील सूक्ष्मजीवांचे वस्तुमान सुमारे एक तृतीयांशाने घटले. चांदी पुढे गंधकाशी संयोग पावून बरीच निष्क्रिय होते हे खरे. परंतु तोवर झालेली हानी त्यामुळे भरून येत नाही.

म्हणून वापरलेली चांदीची पट्टी उकिरड्यावर किंवा खतखड्ड्यात टाकू नये. ती पशुवैद्यकीय दवाखान्यात परत द्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा मालाच्या विक्रेत्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : यात चांदी किती आहे? ती कशाने धरून ठेवली आहे? वापर संपल्यावर ती कोठे जाते? ज्याच्याजवळ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नाहीत, त्याचा माल गावात येऊ न देणे हेच शहाणपणाचे होय. जखम काही दिवसांत भरते. जमिनीचा कस पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावयाचा असतो.