पहिले वाक्य

सोळा वर्षांचा मुलगा भित्रा असतो असे कोणी म्हणू नये. तो कृष्णेच्या भरल्या पात्रात सूर मारतो, दिवा नसलेली सायकल रात्री हाकतो, आणि गणिताच्या सरांनी फळ्यावर चूक केली तर भर वर्गात उभा राहून ती दाखवून देतो. त्याच मुलाला वर्गातल्या एका ठराविक मुलीशी चार शब्द बोलायचे म्हटले, की तो चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकतो. पट्टा अगदी धडधाकट असतो.

हा मुलगा कोणत्याही गावात सापडेल. आपण सोयीसाठी त्याला सांगलीत ठेवू. अकरावीत आहे, शास्त्र शाखेत. घर गणपतीच्या देवळापाशी आणि शिकवणी विश्रामबागेत. त्यामुळे जाता-येता सायकलीवर त्याला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. सगळे नुकसान त्या अंतराने केले आहे.

कारण सायकलीवर तो मोठा वक्ता असतो. त्याच्या पहिल्या योजनेत तिच्या सायकलीची साखळी पडते. तो पुढे होतो, साखळी बसवतो, ती रुमाल पुढे करते आणि तो म्हणतो, "राहू द्या, हात काळे होतील." येथे गाडी अडते. 'राहू द्या' की 'राहू दे'? 'तू' म्हणावे तर सलगी होते, 'तुम्ही' म्हणावे तर मुलगी एकदम मावशी होऊन बसते. इंग्रजांना हा पेच नाही, म्हणून त्यांची प्रेमे लवकर जमत असावीत. चार दिवस विचार करून तो 'राहू दे'वर येतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की मुलगी शहर बसने येते. बसची साखळी पडत नाही.

दुसऱ्या योजनेत एक उधळलेली म्हैस आहे. तिच्याविषयी न बोललेले बरे.

मग फोन. वर्गाचा व्हॉट्सअॅपचा गट आहे आणि त्यात तिचा क्रमांक आहे. रात्री साडेअकरा वाजता हा मुलगा 'हाय' एवढे लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो. २०१४ पासून निळ्या खुणांची सोय झाली, म्हणजे तिने वाचून उत्तर दिले नाही हेही कळणार. पाठवलेला संदेश परत घेण्याची सोय २०१७ मध्ये आली खरी. पण मागे 'संदेश काढून टाकला' अशी पाटी उरते. चोर पळाला आणि चपला दारात राहिल्या, तशातला प्रकार! त्याच्या आजोबांच्या काळी तारखात्यात शुभेच्छांची वाक्ये क्रमांक घालून तयार असत. दिवाळीचे वाक्य होते, लग्नाचे होते, परीक्षेतल्या यशाचेही होते. याच्या उपयोगाचे एक नव्हते, आणि जुलै २०१३ मध्ये तर तारच बंद झाली.

आमच्या पूर्वजांची या बाबतीत चैन होती. नळासाठी हंस बोलला. रुक्मिणीने ब्राह्मणाच्या हाती निरोप धाडला, तो भागवतात सात श्लोकांत बसला आहे. यक्षाला कोणी मिळेना, त्याने मेघाला गाठले. दुष्यंत तर राजा. पण तोही झाडाआड ताटकळत राहिला, आणि भुंगा शकुंतलेच्या मागे लागला तेव्हा कुठे त्याला पुढे व्हायला निमित्त सापडले. हालाच्या 'गाथासप्तशती'त, म्हणजे आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात, दूतीला उसंत म्हणून नाही. या मुलाला दूत मिळाला तो एक मित्र. तो भडंगाच्या पुड्यावर काम करतो आणि त्याच्या पोटात काही राहत नाही.

मित्राचा सल्ला असा, की आधी तिच्या मैत्रिणीशी बोलावे, म्हणजे कोणाला संशय येणार नाही. सल्ला जुना आहे आणि वाईट आहे. इटलीच्या डान्टेने बिआत्रिचेला पाहिले तेव्हा दोघेही नऊ वर्षांच्या आसपास होती. पुढे नऊ वर्षांनी फ्लॉरेन्सच्या रस्त्यात तिने त्याला नमस्कार केला (तिने, त्याने नव्हे!), आणि हा पठ्ठ्या आनंदाने घरी जाऊन खोलीत एकटा बसला. मग आपले प्रेम झाकण्यासाठी त्याने दुसऱ्याच बाईंवर कविता केल्या. गावात बोलबाला झाला आणि बिआत्रिचेने नमस्कार करणेही सोडले. १२९० मध्ये ती वारली. जगाला मोठा कवी मिळाला हे कबूल. पण आमच्या मुलाला बारावीला बसायचे आहे.

खरे म्हणजे लाजाळू माणसाची सोय आपल्या सणांनी फार पूर्वी करून ठेवली आहे. दसऱ्याला आपट्याचे पान पुढे करावे आणि 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणावे. वाक्य तयार, निमित्त तयार, कोणी वळून पाहणार नाही. आमच्या मुलाने यंदा तेही योजले. तिला एकटीला दिले तर दिसेल म्हणून शिकवणीत सगळ्यांना सोने वाटायचे ठरवले. सरांना दिले, शिपायाला दिले, पुढच्या दोन बाकांना दिले. पाने एकोणीस होती. ती विसाव्या जागी बसली होती.

तिळगुळावर त्याची भिस्त होती. परंतु दिवाळीच्या सुट्टीआधी बातमी आली की मुलीचे वडील बँकेत आहेत आणि त्यांची बदली नांदेडला झाली आहे. संक्रांतीला ती येथे नसणार.

त्या आठवड्यात सायकलीवरच्या योजना बंद पडल्या आणि त्याला एक गोष्ट दिसली, ती मला महत्त्वाची वाटते. इतक्या योजनांत त्याने तिच्या तोंडी सगळी वाक्ये आपणच घातली होती. ती हसत होती, रुमाल देत होती. 'नको' असे ती एकदाही म्हणाली नव्हती. खरी मुलगी काय म्हणेल याचा त्याला काडीचा पत्ता नव्हता. ती कोणत्या गोष्टीला हसते हेही त्याला ठाऊक नव्हते. आपल्या चित्रपटांतल्या नायकाला अशी शंका कधी येत नाही. तो 'नको' ऐकतो आणि दुसरे कडवे सुरू करतो. मला विचाराल तर त्या नायकाहून हा चपलेचा पट्टा ओढणारा पोरगा मुलीच्या बापाने घरात घेण्यालायक. त्याच्या भीतीत निम्मी लाज स्वतःची आहे, पण उरलेली निम्मी तिच्या उत्तराची आहे, म्हणजे तिला उत्तर असू शकते हे त्याने मानले आहे.

सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी तीच त्याच्याकडे आली. "ऑप्टिक्सची वही आहे का तुझ्याकडे? माझी अर्धी राहिली आहे. फोटो काढून घेते."

तो म्हणाला, "आहे." एवढेच.

ती एकेक पान उलटून फोनने टिपू लागली. वाऱ्याने पाने उडत होती, ती त्याने बोटांनी दाबून धरली. भिंगे झाली, लोलक झाला. चौदा पाने झाल्यावर त्याला आठवले की पंधराव्या पानाच्या कडेला आपण काहीतरी लिहिले आहे. पण तोवर तिने पान उलटले होते.

"राहू दे, हात काळे होतील," तिने मोठ्याने वाचले. मग खालची ओळ वाचली. ती 'राहू द्या'ची होती. तिने त्याच्याकडे पाहिले.

"कशाने काळे होतील?"

आता बसची साखळी कशी पडली हे त्याला पहिल्यापासून सांगावे लागणार होते. तिची बस यायला वीस मिनिटे होती. त्याने घसा खाकरला आणि सुरुवात केली.